बोगद्याच्या तोंडाला फेस

२०२५च्या २२ फेब्रुवारीला तेलंगणात श्रीशैलम डाव्या कालव्याच्या बोगद्यात छत कोसळलं, पाणी आणि चिखल एकदम आत घुसला आणि आठ माणसं त्याखाली गेली. १६ एप्रिलला उत्तराखंडात देवप्रयाग ते जनासू हा १४.५७ किलोमीटरचा रेल्वे बोगदा आरपार झाला. मंत्री आले, अभिनंदनं झाली. दोन्हीकडच्या बातम्यांत यंत्राचं नाव एकच होतं, टीबीएम, म्हणजे बोगदा खणणारं यंत्र. पखवाज आणि ताशा या दोन्हींना ‘चामड्याचं वाद्य’ म्हणून मोकळं व्हावं, तसलाच हा प्रकार. श्रीशैलमचं यंत्र दुहेरी कवचाचं होतं, जनासूचं ‘शक्ती’ एकेरी कवचाचं. आणि तिथेही बोगद्याचा तीसेक टक्के भाग यंत्राविना, सुरुंग लावून खणलेला. हा फरक सांगायला कुणाला दोन ओळी सुचल्या नाहीत. आकड्यांना मात्र जागा होती. व्यास किती, वजन किती, रोज किती मीटर.

या तिसऱ्या आकड्यानेच मला हा लेख लिहायला बसवलं. बोगदा खणणाऱ्या यंत्राचा कस कापण्यात लागत नाही, थोपवून धरण्यात लागतो. कापायला काय, सुरुंगही कापतो. आपण जे कापतोय ते अंगावर येऊ न देणं ही या यंत्राची कला, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे कुणी अवाक्षर काढत नाही.

ग्रिपर यंत्राबद्दल म्हणूनच मला फारसं बोलायचं नाही. दोन्ही बाजूंच्या कातळाला पाय रेटून हे यंत्र पुढे सरकतं, समोर पोलादी चकत्या फिरतात, दोन चकत्यांच्या वाटांमधला दगड तडकून कपच्या पडतात. जेम्स रॉबिन्सने १९५६मध्ये टोरांटोच्या सांडपाणी बोगद्यात निव्वळ चकत्यांवर काम काढून दाखवलं आणि तिथून सगळं बदललं, हे मान्य. गोटहार्ड रेल्वे बोगद्याच्या ५७ किलोमीटरांपुढेही मी टोपी काढतो. पण जो खडक स्वतःच उभा राहतो, तिथे यंत्राची परीक्षा कसली? चांगल्या तबलजीबरोबर कुणीही गातं.

खरी परंपरा दुसरीकडे आहे आणि ती लंडनच्या चिखलातून सुरू होते. मार्क ब्रुनेलने १८१८मध्ये कवचाचं पेटंट घेतलं. जहाजांची लाकडं पोखरणाऱ्या समुद्री किड्यावरून त्याला कल्पना सुचली ही गोष्ट सगळे सांगतात, पण तिचं मर्म सांगत नाहीत. तो किडा पोखरता पोखरता मागच्या भोकाला चुन्याचं अस्तर लावत जातो. ब्रुनेलने टेम्सखाली उभं केलेलं कवच म्हणजे लोखंडी चौकटींचं तीन मजली कपाट, त्यात ३६ खण, प्रत्येक खणात एक मजूर. मजुरासमोर आडव्या फळ्या, आणि फळ्यांपलीकडे नदीचा गाळ. मजुराने एक फळी काढायची, तिच्यामागची काही इंच माती खरवडायची, फळी पुढे सरकवून पुन्हा टेकू द्यायचा, मग दुसरी फळी. एका वेळी एकच! बाकीच्या सगळ्या फळ्या तेवढा वेळ नदी अडवून उभ्या. १८२५ला सुरू झालेला हा बोगदा १८४३ला लोकांसाठी उघडला. मध्ये नदी आत आली, १८२८च्या जानेवारीत सहा माणसं गेली, पैसे संपले, काम वर्षानुवर्षं बंद पडलं. वेगाच्या हिशेबाने याहून वाईट बोगदा सापडणार नाही. पण पुढच्या दोनशे वर्षांत मऊ जमिनीत जे जे चांगलं काम झालं, ते त्या एका फळीचं वंशज आहे.

ग्रेटहेड नावाच्या अभियंत्याने कवच गोल केलं आणि पुढे दाबाखालच्या हवेने पाणी रेटून धरलं. त्यात मजुरांच्या सांध्यांचे हाल झाले. मग जॉन बार्टलेट नावाच्या इंग्रज अभियंत्याने १९६४मध्ये पेटंट घेऊन सांगितलं की दाबाखाली माणसं कशाला ठेवता, चिखल ठेवा. पाइलिंगच्या कामावर ज्याने बेंटोनाइट बघितलाय त्याला हे लगेच कळेल. ही गुळगुळीत माती पाण्यात कालवून कटरहेडच्या, म्हणजे माती कापणाऱ्या फिरत्या तोंडाच्या, बंद खोलीत दाबाने भरायची. ती वाळूच्या कणांत शिरून एक पातळ साय धरते, त्या सायीवर दाब टेकतो आणि वाळूची भिंत उभी राहते. कापलेली माती त्याच द्रवातून नळाने वर जाते, चाळली जाते, बेंटोनाइट परत खाली. ही झाली स्लरी शील्ड. १९७४मध्ये हॅम्बुर्गमध्ये जर्मनांनी त्या खोलीमागे दाबाच्या हवेची उशी ठेवली. द्रव थोडा कमी-जास्त झाला तरी हवा दबते, फुगते, आणि समोरच्या भिंतीवरचा दाब जिथल्या तिथे राहतो. दीडशे वर्षं ज्या फळीला माणूस टेकू देत होता, तिला आता हवेची गादी टेकू देते. इतकी देखणी कल्पना या क्षेत्रात त्यानंतर झालेली नाही.

त्याच वर्षी जपानने टोकियोत दुसरी वाट काढली आणि आपल्याकडच्या भुयारी मेट्रोंमध्ये बहुतेक वेळा दिसते ती हीच. ईपीबी, म्हणजे खणलेल्या मातीनेच मातीला अडवणारं यंत्र. बेंटोनाइट नको, चाळण्यांचा कारखाना नको. खोली आपल्याच मातीने भरलेली ठेवायची आणि मळसूत्राच्या कन्व्हेयरने ती मोजून मापून बाहेर काढायची. मळसूत्र जोरात फिरवलं की दाब उतरतो, हळू केलं की चढतो. घरात सोऱ्या असेल तर हे यंत्र तुम्हाला आधीच माहीत आहे. पीठ घट्ट असलं की शेव येत नाही, सैल झालं की गळते. म्हणून कटरहेडमधून साबणाचा फेस सोडायचा, माती मळायची, थालीपिठाच्या पिठाइतकी सैल करायची. साइटवर समोरच्या भिंतीला ‘फेस’ म्हणतात आणि या साबणालाही फेसच म्हणतात, त्यामुळे रात्रपाळीला ‘फेसला फेस कमी पडतोय’ असं वाक्य अगदी गंभीरपणे उच्चारलं जातं.

एका शहरातल्या मेट्रोच्या बोगद्यात मी अशा यंत्राच्या केबिनमध्ये तासभर बसलो आहे. ऑपरेटर तिशीच्या आतला होता, सांगलीकडचा. पडद्यावर दाबाचे आकडे होते, वरच्या सेन्सरला १.८ बार, खालच्याला २.६. मी कटरहेडचे फेरे बघत होतो. तो म्हणाला, “सर, तिकडं काय बघताय, काट्यावर बघा.” काटा म्हणजे माती वाहून नेणाऱ्या पट्ट्याखालचा वजनकाटा. मग त्याने कागदावर हिशेब मांडला. खणलेल्या भोकाचा व्यास ६.६ मीटर, मागे बसणारी अस्तराची रिंग १.४ मीटरची, म्हणजे एका रिंगमागे जागच्या जागी ४८ घनमीटर माती, वजन शंभर टनांच्या आसपास. फेस आणि पाणी वजा करून काट्यावर तेवढंच आलं पाहिजे. एखाद-दुसरा टन इकडेतिकडे चालतो. “दहा टन जास्त आले, तर ते दहा टन कुठून आले?” असं म्हणून त्याने बोट वर केलं. वर रस्ता होता, आणि रस्त्याच्या कडेला कुणाची तरी घरं.

त्या वर केलेल्या बोटात या यंत्राचं सगळं सौंदर्यशास्त्र आलं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पाइप जॅकिंग, चौकोनी तोंडाची यंत्रं वगैरे इतर गमतीजमती मी वगळतो. गरजेप्रमाणे ईपीबीचं स्लरी होणारी संकरित यंत्रं हुशार आहेत, पण बऱ्याचदा ती ‘जमिनीचा अंदाज आला नाही’ या वाक्याचंच महागडं भाषांतर असतात.

आता व्यासाच्या वेडाकडे वळतो. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यासाठी ‘मावळा’ हे यंत्र आलं तेव्हा १२.१९ मीटर हा आकडा सगळ्यांच्या तोंडी होता. बरोबर चाळीस फूट! प्रियदर्शिनी पार्क ते गिरगाव चौपाटी हा दोन-एक किलोमीटरचा पट्टा त्याने मलबार हिलखालून दोनदा पार केला. ते स्लरी यंत्र होतं हे किती जणांनी लिहिलं? सिअॅटलमध्ये याहून मोठं, साडेसतरा मीटरचं ‘बर्था’ २०१३च्या डिसेंबरात थांबलं, त्याला बाहेर काढायला वरून मोठा खड्डा खणावा लागला आणि पुन्हा चालू व्हायला दोन वर्षं गेली. व्यास वाढला की समोरच्या भिंतीच्या माथ्यावरचा आणि पायथ्याचा दाब अधिकच वेगळा होतो, एका तोंडात तीन तऱ्हेची जमीन येते. मुंबई-पुण्यात तर हे नेहमीचंच, खाली काळा पाषाण, वर मुरूम, मध्येच गेरूचा लाल पट्टा. चकतीला पाषाण फोडायला जोर लागतो आणि त्याच जोराने मुरूम ढासळतो. मोठं यंत्र म्हणजे मोठी अडचण, अभिमानाचा विषय कसला?

आणि वेग. अमेरिकेतल्या बोरिंग कंपनीने तर गोगलगाय बोगदा यंत्राच्या चौदापट वेगाने चालते म्हणून तिला हरवण्याचीच शर्यत लावली. विनोद म्हणून ठीक आहे. पण आपल्याकडे तो विनोद कंत्राटात शिरलाय. दुहेरी कवचाचं आकर्षण कशाचं? मागचं कवच खडकाला धरून ठेवतं, पुढचं कापत जातं आणि त्याच वेळी मागे सेगमेंटची रिंग बसते. थांबायला नको. मीटर वाढतात, बिल वाढतं. किंमत अशी की कवच लांबलचक होतं, दाबणाऱ्या खडकात आवळलं जातं, कातळ दिसतो तो फटीतून, आणि पाण्याचा दाब थोपवणारी बंद खोली बहुधा नसतेच. खडक सज्जन असेपर्यंत हे यंत्र वाघ. २००९च्या २४ डिसेंबरला जोशीमठजवळ तपोवन-विष्णुगाडच्या बोगद्यात असंच एक यंत्र पाण्याच्या साठ्याला लागलं आणि रोज सहा-सात कोटी लिटर पाणी वाहू लागलं.

श्रीशैलमचं खापर यंत्राच्या प्रकारावर फोडणं अन्यायाचं होईल, हे मी जाणतो. माझा लाडका प्रकारही धुतल्या तांदळासारखा नाही. कोलकात्यात हुगळीखालून सुखरूप गेलेल्या मेट्रोचं ईपीबी यंत्र २०१९च्या ऑगस्टअखेर बहूबाजारात पाण्याच्या थराला लागलं आणि वरची घरं पडली. मेट्रोने नदी पार केली आणि ती गल्लीत बुडाली. म्हणजे प्रश्न फक्त यंत्राचा उरत नाही. समोर काय आहे ते आधी बघायचं की नाही, हा प्रश्न आहे.

बघता येतं. यंत्रातूनच पुढे तीस-चाळीस मीटर लांब भोक पाडून पाणी आहे का, भेग आहे का, हे तपासता येतं. वाईट निघालं तर त्याच भोकातून ग्राउट भरता येतं. त्यासाठी कटरहेड थांबवावं लागतं, आणि थांबलेल्या तासाचे पैसे कुणी द्यायचे यावर सगळं अडतं. मीटरवर बिल मिळत असेल तर कुठला कंत्राटदार आपणहून थांबेल? पुढचं भोक पाडणं हे स्वतंत्र, मोजून पैसे मिळणारं काम म्हणून निविदेत लिहा. यंत्राचा प्रकार जमीन वाचून ठरवा, मग किंमत बघा. आणि दाबाचे, काट्याचे, जमीन खचल्याचे आकडे लोकांसमोर ठेवा. माझ्या आत्याच्या चाळीवर बोगदा येणार म्हणून भिंत हलते का ते मोजायला तिच्यावर चकाकणारी छोटी प्रिझम चिकटवली होती. शहराचं नाव राहू दे. आत्या दोन वर्षं विचारत होती, “हे काय सांगतंय रे?” मी कचेरीत गेलो तर उत्तर मिळालं की ही माहिती देता येत नाही. भिंत तिची, तडा गेला तर तोही तिचाच, आकडा मात्र गोपनीय!

जंगल होतं, वर वाघांचं अभयारण्य होतं, डोंगरावरून बोअर मारता येत नव्हते, ही श्रीशैलमबाबतची सबब मला माहीत आहे. मला ती उलटीच वाटते. जिथे वरून बघता येत नाही, मधे एकही आडवाट नाही, आणि ४४ किलोमीटर फक्त दोन तोंडांतून गाठायचे आहेत, तिथे तर यंत्राने पावलागणिक पुढे चाचपत जायला हवं. ब्रुनेलचा मजूर फळी काढण्याआधी हेच करत होता.

त्या बोगद्याचं कंत्राट २००५चं. अपघातानंतर अडकलेलं यंत्र कापून तुकड्यातुकड्यांनी बाहेर काढलं गेलं आणि उरलेला बोगदा सुरुंग लावून खणायचं ठरलं. त्या डोंगरावर हेलिकॉप्टर फिरवून आत पाणी कुठे आहे, खडक कुठे तुटलाय, याचं विद्युतचुंबकीय सर्वेक्षण सुरू झालं २०२५च्या नोव्हेंबरात.