नाकारलेल्या विनोदाचा रसिक : 'अंदाज अपना अपना' आणि झाडीपट्टीची हास्यदृष्टी

प्रस्तावना

एखादी विनोदी कलाकृती आवडणे आणि त्या आवडीचे समर्थन करता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शोकात्म कलाकृती भावल्यास रसिकाला सहसा कारण विचारले जात नाही. विक्षिप्त विनोदाची कलाकृती भावली तर मात्र त्याच्या अभिरुचीविषयीच शंका घेतली जाते. ती कलाकृती प्रेक्षकांनी नाकारलेली आणि समीक्षकांनीही उत्साहाने न स्वीकारलेली असेल तर हा रसिक पुरता एकाकी पडतो. त्याच्या पाठीशी लोकप्रियता नसते आणि प्रतिष्ठाही नसते. राजकुमार संतोषी दिग्दर्शित 'अंदाज अपना अपना' हा हिंदी चित्रपट ४ नोव्हेंबर १९९४ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा तो आवडलेल्या मोजक्या प्रेक्षकांची स्थिती अशीच होती. त्यांची आवड केवळ व्यक्तिगत लहर होती की तिला कलाविचाराचा आधार होता, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात भंडारा जिल्ह्याच्या लोकरंगभूमीच्या अनुषंगाने केला आहे.

अपयशाची कारणे

आमिर खान आणि सलमान खान हे दोन लोकप्रिय नायक, ऐन दिवाळीचा मुहूर्त, आणि तरीही चित्रपट तिकीटखिडकीवर अपयशी ठरला. या अपयशामागे अपेक्षाभंग हे एक महत्त्वाचे कारण दिसते. संतोषी यांचे नाव 'घायल' (१९९०) आणि 'दामिनी' (१९९३) या गंभीर, अन्यायाविरुद्ध उभ्या ठाकणाऱ्या चित्रपटांशी जोडलेले होते. ऑगस्ट १९९४ मध्ये आलेल्या 'हम आपके हैं कौन' या चित्रपटात सलमान खान यांनी 'प्रेम' नावाचा सुसंस्कृत, त्यागी तरुण साकारला होता. अवघ्या तीन महिन्यांनी तेच नाव धारण करून ते मंदबुद्धी वाटावा असा, श्रीमंत मुलीच्या मागे लागलेला तरुण म्हणून पडद्यावर आले. आदर्श नायकाचे हे विडंबन ज्या प्रेक्षकांपुढे आले, ते त्या आदर्शाच्या प्रेमातून अद्याप बाहेर पडलेले नव्हते.

दुसरे कारण रचनेचे आहे. अमर आणि प्रेम हे दोन उनाड तरुण लंडनहून आलेल्या धनिक कन्येशी विवाह करू पाहतात. ती कन्या आणि तिची सचिव यांनी आपापली ओळख अदलाबदल केलेली असते. कन्येच्या वडिलांचा जुळा भाऊ तेजा संपत्तीवर डोळा ठेवून असतो. एवढ्या कथासूत्रावर प्रसंगांची माळ ओवलेली आहे. सुसंगत कथानकाच्या कसोटीवर ही माळ विस्कळीत ठरते.

पुढे चित्रफिती आणि दूरचित्रवाणी वाहिन्यांमुळे या चित्रपटाला नवा प्रेक्षक लाभला. त्यातील संवाद तरुणांच्या बोलण्यात रुळले आणि २५ एप्रिल २०२५ रोजी तो चित्रपटगृहांत पुन्हा प्रदर्शित झाला. त्यामुळे 'काळाने न्याय दिला' असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु हा युक्तिवाद तपासून पाहिला पाहिजे. १९९४ मधील रिकाम्या खुर्च्या हा चित्रपट वाईट असल्याचा पुरावा नसतील, तर नंतर भरलेल्या खुर्च्या हा तो चांगला असल्याचा पुरावा कसा ठरेल? बस्टर कीटन यांच्या 'द जनरल' (१९२६) या मूकपटालाही प्रारंभी समीक्षकांची नापसंती आणि आर्थिक अपयश वाट्याला आले. १९७२ साली 'साइट अँड साउंड' या नियतकालिकाने घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात तो पहिल्या दहांत होता. त्याचा पुनर्विचार ज्या बळावर टिकला ते बळ कलाकृतीतच होते. धावत्या आगगाडीवरील हालचालींची काटेकोर आखणी पाहणाऱ्याला दाखवून देता येत होती. आवडीचे समर्थन असेच कलाकृतीतून व्हावे लागते.

हास्याची उतरंड

भारतीय काव्यशास्त्राने हास्याला रसाचे स्थान दिले असले तरी त्यात उतरंडही लावली. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात स्मित व हसित हे उत्तम प्रकृतीचे, विहसित व उपहसित हे मध्यम प्रकृतीचे, तर अपहसित व अतिहसित हे अधम प्रकृतीचे हास्य मानले आहे. ही विभागणी मुळात पात्रांच्या प्रकृतीविषयी आहे. आधुनिक समीक्षेने मात्र ती नकळत प्रेक्षकांना लावली. ओठांच्या कोपऱ्यात हसू आणणारा विनोद अभिजात ठरला आणि पोट धरून हसवणारा विनोद हीन ठरला. अभिनवगुप्तांचे प्रतिपादन येथे अधिक उपयोगी पडते. कोणत्याही रसाचा आभास हास्याला जन्म देऊ शकतो, असे ते मानतात.

'अंदाज अपना अपना' या चित्रपटाची घडण याच तत्त्वावर उलगडते. शक्ती कपूर यांचा क्राईम मास्टर गोगो हा भयानकाचा आभास आहे. 'मिस्टर इंडिया' (१९८७) मधील मोगॅम्बोशी तो नाते सांगतो, आणि दहशत बसवण्याचा त्याचा प्रत्येक प्रयत्न त्याच्यावरच उलटतो. घरात शिरकाव मिळावा म्हणून अमर स्मृती गेल्याचे सोंग घेतो, तेव्हा हिंदी चित्रपटातील ठरीव करुणाचा आभास निर्माण होतो. परेश रावल यांची दुहेरी भूमिका जुळ्या भावांच्या कथेतील गांभीर्य काढून घेते. अखेरीस पिस्तुले आणि हिरे इतक्या वेळा हातोहात फिरतात की वीररसाला उभे राहायला जागाच उरत नाही. विस्कळीत वाटणाऱ्या प्रसंगांना जोडणारे सूत्र ते हेच : लोकप्रिय चित्रपटातील एकेक प्रतिष्ठित भाव घ्यावयाचा आणि त्याचे सोंग करून दाखवायचे.

झाडीपट्टीची कसोटी

सोंग पाहण्याची ही दृष्टी भंडारा जिल्ह्याला नवी नाही. १९९४ साली गोंदिया हा या जिल्ह्याचाच भाग होता. स्वतंत्र जिल्हा म्हणून तो १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. धानाच्या या प्रदेशात दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि त्या निमित्ताने दंडार, खडी गंमत यांचे प्रयोग रंगतात. खडी गंमत उभ्याने सादर होते. शाहिराचे गाणे, ढोलकीची साथ, पुरुषाने घेतलेले स्त्रीचे सोंग आणि गाण्याच्या आधाराने वाढत जाणारे खटकेबाज संवाद ही तिची अंगे होत. तिच्या प्रेक्षकाला कथा पुढे सरकण्याची घाई नसते. एकाच शब्दाला किती वळणे मिळाली, सवालाला जबाब कसा भिडला, घेतलेले सोंग उघडे पडता पडता कसे सावरले, यांवर त्याची दाद ठरते.

चित्रपटाचा उगम खडी गंमतीत आहे, असा दावा येथे अभिप्रेत नाही. तसा पुरावा नाही आणि त्याची गरजही नाही. मुद्दा कसोटीचा आहे. गंमतीच्या कसोटीवर अमर-प्रेम यांची जुगलबंदी विस्कळीत राहत नाही. ती सवाल-जबाबाप्रमाणे चढत जाते. मराठी अभिनेते विजू खोटे यांचा रॉबर्ट हा तेजाचा साथीदार प्रत्येक चुकीचा खुलासा ज्या निरागस गांभीर्याने करतो, त्यात सोंगाड्याची नेमकी जाण दिसते. आपण विनोद करीत आहोत हे तो एकदाही दाखवत नाही.

झाडीपट्टीच्या विनोदालाही शहरी समीक्षेने दीर्घकाळ गावंढळ मानून दूर ठेवले. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोली आणि तिच्या लोककलांचा अभ्यास केल्यानंतर त्यांचे अंतर्गत नियम वाचकांपुढे आले. म्हणजेच दोष पुष्कळदा कलाकृतीत नसून तिला लावलेल्या मापात असतो.

मर्यादा

अर्थात रसिकाची आवड आंधळी असू नये. रवीना टंडन आणि करिश्मा कपूर यांच्या भूमिकांना ओळखीच्या अदलाबदलीपलीकडे विनोदाची संधी फार कमी मिळते. हसवण्याचा अधिकार जवळजवळ पुरुषांकडेच राहतो. हुंड्याऐवजी संपत्तीसाठी विवाह हा विषय उपरोधाला अनुकूल होता. सचिव समजून जिच्यावर प्रेम केले तीच खरी वारसदार निघते, ही कलाटणी अर्थपूर्ण आहे. तथापि चित्रपट तिच्यापाशी क्षणभरही थांबत नाही. काही प्रसंग लांबतात, काही जोड उघडे राहतात. गंमतीच्या कसोटीवरही हे दोष उरतातच.

समारोप

नाकारलेल्या विनोदावर प्रेम करणाऱ्या रसिकाने बहुमत आपल्या बाजूने वळण्याची वाट पाहण्याचे कारण नाही, तसेच 'ज्याची त्याची आवड' म्हणून विषय मिटवण्याचेही कारण नाही. आपण नेमके कोठे हसलो आणि ते हसू कोणत्या रचनेतून आले, हे त्याला सांगता आले पाहिजे. महाविद्यालयीन अध्यापनात याचे महत्त्व विशेष आहे. मंडईत रात्र जागवून आलेला विद्यार्थी वर्गात प्रहसनाची व्याख्या लिहितो तेव्हा स्वतःच्या हसण्याचा दाखला देण्यास संकोचतो, कारण ते हसणे अभ्यासक्रमात बसणारे नाही असे त्याला वाटते. तो दाखला उत्तरपत्रिकेत येऊ देणे आणि त्याची चिकित्सा करावयास शिकवणे एवढे अध्यापकाच्या हाती निश्चित आहे.