बोलण्यातून लिहिण्याकडे : दोन पुस्तकांची साक्ष

आपल्या शाळांत निबंध बहुधा फळ्यावरून उतरतो. मुद्दे शिक्षकांचे, सुरुवात मार्गदर्शकातली. चाळीस वह्यांत एकच पावसाळा पडतो. तीच मुले मधल्या सुट्टीत विहिरीत पडलेल्या शेळीची हकीकत दम न घेता सांगतात. बोलके मूल वहीपुढे मुके का होते, याचा विचार करताना दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत.

पहिले सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर यांचे ‘टीचर’ (१९६३). न्यूझीलंडमधल्या माओरी मुलांना शिकवताना त्या प्रत्येकाला हवा असलेला शब्द विचारत आणि कार्डावर लिहून देत. भूत, चुंबन असे भीतीचे नि मायेचे शब्द येत. दुसऱ्या दिवशी मुलाला ओळखता न आलेला शब्द बाद होई. पुढे मुले स्वतःच्या गोष्टी लिहीत, एकमेकांच्या वाचत. लेखनाचा उगम मुलाच्या अंतरंगात आहे, हे या पुस्तकाने ठामपणे दाखवले. पण उमाळा सुरुवात देतो. बांधणी देतोच असे नाही. त्या बांधणीची चर्चा येथे तुलनेने थोडी आहे.

ती भेटते इटलीतल्या बार्बियाना या डोंगरी खेड्यात. लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूच्या शाळेतल्या आठ मुलांनी नापास करणाऱ्या शिक्षिकेला लिहिलेले पत्र १९६७ मध्ये पुस्तकरूपाने आले. ती मुले सुचेल ते सुट्या चिठ्ठ्यांवर टिपत, चिठ्ठ्यांचे गट लावत, मजकूर मोठ्याने वाचत, फालतू शब्द काढत. मग बाहेरच्या, शक्यतो कमी शिकलेल्या माणसाला तो वाचायला देऊन त्याला कळतो का, हे पाहत.

कळीचा मुद्दा येथे आहे. बोलताना ऐकणारा समोर असतो, ‘कोण?’, ‘कुठे?’ असे तो विचारतो आणि सांगणारा दुरुस्ती करतो. लिहिताना तो नसतो. म्हणून बोलणे नुसते उतरवून घेतल्याने लेखन होत नाही. ऐकणाऱ्याचे प्रश्न मुलाने आपल्या मनात वागवायला शिकणे, हे खरे लेखनशिक्षण. त्यासाठी वर्गाने आधी एकमेकांचे ऐकले पाहिजे.

आपल्याकडे मात्र पहिला प्रश्न शुद्धलेखनाचा असतो. बहिणाबाई चौधरींची खानदेशी बोलीतली गाणी १९५२ मध्ये छापून आली, तेव्हा ती प्रमाण मराठीत सोवळी करून घ्यावीत, असे कोणाला वाटले नाही. तीच बोली मुलाच्या वहीत आली की लाल शाई धावते. प्रमाणभाषा शिकवायलाच हवी, पण दुसऱ्या खर्ड्यात. पहिल्याच ओळीवर फुली बसलेले मूल पुढे चुका टाळायला शिकते, म्हणजेच कमी लिहायला शिकते. घरात आधी कोणी न शिकलेल्या मुलाला तर वर्गाखेरीज दुसरा ऐकणारा नसतो.