चार शहरं, एक दिवस

पुस्तकाचं परीक्षण लिहितात, नाटकाचं लिहितात. सहलीचं कुणी लिहीत नाही. सहलीवर एक तर प्रवासवर्णन लिहायचं, नाहीतर तक्रार करायची. मला या दोन्हीत रस नाही. मी एक सहल पुस्तकासारखी वाचून बघणार आहे. ती कुणी रचली, तिच्यात काय सांगितलं, काय गाळलं आणि ते गाळणं कुणाच्या सोयीचं होतं, एवढंच.

जून २०१९. आमचा मुलगा तेव्हा आइंडहोवनला नोकरीला होता. यांच्या पासष्टीनिमित्त त्याने आम्हा दोघांसाठी एक दिवसाची खासगी सहल ठरवली. गाडी आमची, गाईड आमचा, बरोबर दुसरं कुणी नाही. सकाळी ॲमस्टरडॅमहून निघायचं. लायडन, द हेग, डेल्फ्ट, रॉटरडॅम करून रात्री परत. कागद बघून मी म्हटलं, "अरे, एका दिवसात चार गावं? हे म्हणजे लग्नाच्या पत्रिका वाटत फिरल्यासारखं झालं."

"आई, अंतर तर बघ. ॲमस्टरडॅम ते रॉटरडॅम म्हणजे बेळगाव-कोल्हापूरपेक्षासुद्धा कमी."

अंतर खरंच कमी होतं. पण गावं जवळजवळ असली म्हणून ती लवकर बघून होतात असं थोडंच आहे?

आधी चांगलं ते सांगते. यांचा गुडघा दुखतो. वर धरलेल्या छत्रीमागे चाळीस जणांच्या घोळक्यात पळणं त्यांना जमलं नसतं. इथे आम्ही म्हणू तिथे गाडी थांबत होती. आमच्या खाण्याचं ऐकून गाईड हसला नाही, वहीत लिहून घेतलं. डेल्फ्टच्या बाजारात चीज चाखायला देत होते, तेव्हा मी विचारलं, हे घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट घालतात ना? त्याने तीन दुकानांत चौकशी करून विनारेनेटचं, म्हणजे प्राण्याचं नसलेलं, शोधून दिलं. आणि सूर्यास्तापूर्वी जेवायचा आमचा नेम तर त्या देशात जूनमध्ये आपोआपच पाळला जातो. तिथे सूर्य मावळतो रात्री दहाला! खासगी गाईडचा खरा फायदा मला त्या चीजच्या दुकानात कळला. तुम्ही विचारलंत तर तो उत्तर शोधतो. विचारलं नाहीत, तर कागदावर आहे तेवढंच सांगतो.

लायडनला तासभर होतो. कालव्याकाठच्या बाकावर बसवून त्याने १५७४ची गोष्ट सांगितली. स्पॅनिश फौजेचा वेढा, गावात उपासमार, मग बांध फोडून शेतं पाण्याखाली घातली आणि होड्यांनी मदत आली. ३ ऑक्टोबरला वेढा उठला. शत्रूच्या सोडून दिलेल्या छावणीत एका पोरक्या मुलाला शिजवलेल्या भाज्यांचं भांडं सापडलं, अशी दंतकथा आहे. त्याची आठवण म्हणून लोक अजून त्या दिवशी हुत्सपोट करतात : बटाटा, गाजर, कांदा एकत्र शिजवून घोटलेला. मी यांच्याकडे बघितलं, यांनी माझ्याकडे. तिन्ही कंदमुळं! त्या वेढ्यात आम्ही असतो तर सुटका झाल्यावरही उपाशीच राहिलो असतो.

पुढच्याच वर्षी, १५७५ला, तिथे विद्यापीठ निघालं. गाईडने इमारत दाखवली, जुनी वनस्पतिबाग दाखवली. मी कॉलेजात मराठी शिकवत होते. शेजारच्या टेबलावर इतिहासाच्या बाई बसायच्या. त्यांच्याकडून 'लायडनचे ताम्रपट' हे नाव मी पुष्कळदा ऐकलेलं. चोळ राजांचं दानपत्र. नागपट्टणमच्या बौद्ध विहाराला आनैमंगलम हे गाव दिल्याचं त्यात संस्कृत आणि तमिळमध्ये कोरलं आहे. तमिळ देशातलं दानपत्र हॉलंडमधल्या गावाच्या नावाने ओळखलं जातं, कारण ते उचलून तिथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात नेलं. मी गाईडला विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं. त्याने ते प्रामाणिकपणे कबूल केलं, नाव लिहून घेतलं आणि घड्याळ बघितलं. आमचा तास संपला होता.

द हेगला मॉरित्सहाउस. त्याला पन्नास मिनिटं. कागदावर तीन चित्रांची नावं ठळक छापलेली : व्हर्मीरची मोत्याचं कर्णभूषण घातलेली मुलगी, त्याचंच डेल्फ्टचं दृश्य, आणि फाब्रिशियसचा साखळीने बांधलेला छोटा पक्षी. तिन्ही चित्रं उत्तम आहेत. डेल्फ्टच्या दृश्यासमोर तर मी एकटीच पंधरा मिनिटं उभी राहिले असते. पण प्रत्येक चित्रासमोर 'फोटो काढा आणि पुढे चला' एवढाच अवधी. हे खूश होते. "बघितलं की सगळं!" म्हणाले.

त्या उन्हाळ्यात तिथे एक प्रदर्शनही होतं, ते घर ज्याच्यासाठी बांधलं त्या योहान मॉरित्सवर. आमच्या कागदावर त्याचा उल्लेख नव्हता. गाईड जिन्यात सांगत होता की हा गृहस्थ ब्राझीलमधल्या डच वसाहतीचा गव्हर्नर होता, कलेचा मोठा चाहता, आणि घराचं काम १६४४ला पुरं झालं. मी सहज विचारावं तसं विचारलं, "एवढं घर बांधायला पैसा कुठून आला?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग कागद घडी करून खिशात ठेवला आणि नीट सांगितलं. साखर. ब्राझीलमधले उसाचे मळे. मळ्यांवर राबायला गुलाम हवे, म्हणून १६३७ला मॉरित्सने आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांकडून फौज पाठवून जिंकून घेतला. तिथून माणसं जहाजांत भरून समुद्रापार नेली. ही तारीख, तो किल्ला, सगळं त्याला पाठ होतं. मला राग आला. "मग आधी का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारत नाही," तो म्हणाला. "आणि संध्याकाळी लोक तारे देतात."

पाचापैकी किती तारे मिळाले त्यावर पुढचं काम अवलंबून. पैसे देऊन आलेल्या माणसाचा दिवस आनंदात जायला हवा. दिवस खराब गेला की तारा कमी. मी आतापर्यंत समजत होते की ही सहल त्या कंपनीच्या कुणीतरी रचली. खरं तर ती आमच्यासारख्यांनीच, तारे देत देत, वर्षानुवर्षं काटछाट करून आणली होती. नको ते वगळणारे संपादक आम्हीच.

डेल्फ्टला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. प्रिन्सेनहोफमध्ये १० जुलै १५८४ला विल्यम ऑफ ऑरेंजचा खून झाला. भिंतीतली गोळ्यांची भोकं जपून ठेवली आहेत, वर काच बसवली आहे. लोक वाकून वाकून बघतात, मीही बघितलं. मग निळ्या-पांढऱ्या भांड्यांचं दुकान. ही नक्षी मूळची चिनी. चिनी भांडी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून येत. सतराव्या शतकाच्या मध्याला चीनमध्ये यादवी माजली, माल येईनासा झाला आणि डेल्फ्टच्या कुंभारांनी नक्कल करून बाजार काबीज केला. हे गाईडने छान रंगवून सांगितलं. जहाजं त्याच्या गोष्टीत होती. पण ती आणखी कुठे कुठे जात, ते नव्हतं.

तर मीच सांगायला लागले. १६०२ला निघालेल्या त्या कंपनीच्या सहा शाखा होत्या. त्यातली एक डेल्फ्टची, एक रॉटरडॅमची. म्हणजे आमच्या सहलीतल्या चारांपैकी दोन शहरं. डेल्फ्टच्या कालव्याकाठी कंपनीची इमारत अजून उभी आहे, आमची गाडी तिच्याजवळूनच गेली. याच कंपनीने १६२१ला जायफळासाठी बांदा बेटांवरची बहुतेक वस्ती मारून किंवा हाकलून संपवली. आणि याच कंपनीची वखार १६३७पासून आमच्या वेंगुर्ल्याला होती. गोव्याच्या पोर्तुगीजांवर डोळा ठेवायला आणि त्यांची नाकेबंदी करणाऱ्या जहाजांना रसद पुरवायला ती जागा सोयीची. बेळगावहून आंबोली घाट उतरून मालवणला जाताना त्या पडझड झालेल्या वखारीच्या गावातून मी निदान वीस वेळा गेले असेन. एकदाही थांबले नव्हते. डेल्फ्टमध्ये उभी राहून मी डच माणसाला वेंगुर्ल्याचं सांगत होते, आणि बोलता बोलताच मला त्याची लाज वाटली.

शेवटचं रॉटरडॅम. इथे आश्चर्य घडलं. १४ मे १९४०ला जर्मन विमानांनी शहराचा मधला भाग जाळून टाकला. पाव तासाचं काम. आठशेहून अधिक माणसं गेली, ऐंशी हजार बेघर झाली. गाईडने गाडी थांबवून आम्हाला झॅडकीनच्या पुतळ्यापाशी नेलं. हात आभाळाकडे फेकलेला माणूस, आणि छातीपोटाच्या जागी आरपार भोक. कागदावर इथे दहा मिनिटं होती. तो अर्धा तास बोलला. त्याची आजी त्या दिवशी गावात होती. बोलताना त्याचा आवाज बदलला. दिवसभरातला सगळ्यात चांगला अर्धा तास तो. हेसुद्धा गप्प होऊन ऐकत होते.

तिथे मला या सहलीतली खरी खोच कळली. प्रवाशाला दुःख ऐकायचं नसतं, हे खरं नाही. रॉटरडॅमचं दुःख आम्ही मनापासून ऐकलं, त्यासाठी तारा कापला नसता. लायडनचा वेढा, विल्यमचा खून, रॉटरडॅमची आग, सगळं कागदावर होतं. कागदावर नव्हतं ते एल्मिना, बांदा, वेंगुर्लं, ते ताम्रपट. आपल्याला झालेली जखम यजमान काच लावून दाखवतो. आपण दुसऱ्याला केलेली दाखवायला त्याला कुणीतरी विचारावं लागतं.

पण तो देश थांबलेला नाही, हेही सांगायला हवं. आम्ही परतल्यावर सप्टेंबरमध्येच बातमी वाचली : ॲमस्टरडॅम म्युझियमने सतराव्या शतकाला 'सुवर्णयुग' म्हणणं बंद करायचं ठरवलं. त्यावर तिथे वाद झाला. वाद होतो आहे म्हणजे कुणीतरी विचारतं आहे.

आणि आम्ही? सुरतेचे वीरजी व्होरा जैन होते, सतराव्या शतकातले मातब्बर व्यापारी. मिऱ्याचा मोठा साठा त्यांच्या हातात, इंग्रजांना ते कर्ज देत, डचांशी त्यांची देवघेव होती. आमच्या सभांत त्यांचं नाव अभिमानाने घेतात. मुंगीला जपणारी माणसं आम्ही. त्या मिऱ्यामागे कोण राबलं, हे सभेत कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. सुरत तरी लांब झाली. आमच्या माडीवर लाल बासनात बांधलेल्या वह्या आहेत. सासऱ्यांचे वडील सावकारी करत. पाहुणे आले की मी त्यांना सागवानी खांब दाखवते, मग हौसेने एक वही उघडते आणि म्हणते, "मोडीचं वळण बघा कसं मोत्यासारखं आहे." त्या मोत्यासारख्या अक्षरात काय लिहिलंय, ते मी सांगत नाही. गहाण पडलेली शेतं आहेत त्यात, आणि न सुटलेली नावं. त्यातल्या दोन आडनावांची माणसं अजून आमच्या गल्लीत राहतात. माझ्या घराची सहल मीही त्या कागदासारखीच रचली आहे.

त्या संध्याकाळी मुलाने फोनवर विचारलं, "आई, किती तारे देऊ?" हे पलीकडून म्हणाले, पाच दे. मी म्हटलं, गाईडला पाच दे, कागदाला तीन. आणि खाली लिही की जिन्यातली पाच मिनिटं आणि पुतळ्यापाशचा अर्धा तास सगळ्यात मोलाचा होता. कंपनीपर्यंत ते पोचलं की नाही कुणास ठाऊक, निदान लिहिलं तरी.

तुमच्यापैकी कुणी अशी सहल घेणार असेल तर जरूर घ्या. गुडघे दुखणाऱ्यांना तर तिच्यासारखी सोय नाही. फक्त चारातलं एक शहर गाळा, लायडन ठेवा हवं तर. उरलेला वेळ गाईडला आधीच सांगून ठेवा, की आम्ही विचारणार आहोत आणि उत्तर कडू निघालं तरी तारे कापणार नाही. पहिला प्रश्न सोपा आहे, कुठल्याही सुंदर घरासमोर चालतो : पैसा कुठून आला?

पावसाळा सरल्यावर आम्ही वेंगुर्ल्याला जाऊन आलो. वखारीच्या भिंतींतून झाडं उगवली आहेत. गाईड नव्हता, काच नव्हती. हे बाहेर गाडीत बसले, मी आत एक फेरी मारून आले. घरी आल्यावर माडीवरची वही काढली आणि मोडी वाचता येणाऱ्या एका विद्यार्थिनीला बोलावून घेतलं. पहिल्या पानापासून वाचायला सांगितलं आहे. वळणाचं कौतुक न करता.