जोती बोलत नाहीत

शहरातले ऐतिहासिक अवशेष राखून त्यांच्याभोवती बाग, पायवाटा, बाके करण्याची कल्पना आता सर्वमान्य झाली आहे. तिला माझा विरोध नाही. अवशेष कोणाच्या नजरेने मांडले जातात, एवढाच माझा प्रश्न आहे.

पुण्याचा शनिवारवाडा घ्या. १७३० मध्ये पाया घातला, १८२८ च्या आगीत महाल जळाले. उरले तट, बुरूज, दरवाजे आणि जोती. आत हिरवळीतून हिंडताना दालनांच्या रेषा दिसतात, हजारी कारंज्याचा हौद दिसतो. बाहेर घोड्यावरचा बाजीराव. सारी मांडणी माणसाला मान वर करायला लावणारी. याच पेशवाईत अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके असे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली छापलेल्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नोंदवले आहे. जोत्यावरून महाल कळतो. महालापासून दूर ठेवलेला माणूस कळत नाही. तो सांगण्याची जबाबदारी मांडणाऱ्यावर येते. ‘येथे आरसेमहाल होता’ एवढ्याने भागत नाही.

तरी वाड्यापुढचे पटांगण मला आतल्या बागेहून मोलाचे वाटते. कितीतरी सभा या पटांगणाने पाहिल्या. ३१ डिसेंबर २०१७ ची एल्गार परिषदही इथेच भरली. ज्या सत्तेने आमच्या पणजोबा-खापरपणजोबांची सावलीही विटाळ मानली, तिच्या दारापुढे त्यांच्या पतवंडांनी जाब विचारला. हे कोणा वास्तुविशारदाने योजले नव्हते. जागा मोकळी होती, एवढेच.

गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद जोतीरावांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांना खुला केला. त्या हौदाचा इतिहास म्हणजे त्यातून पाणी कोणी भरले, हा. तो नुसता पाहायची वस्तू झाला तर काय राहिले? त्याच्याजवळ येणाऱ्याजाणाऱ्याला ओंजळभर पाणी मिळाले पाहिजे.

आणि भिडे वाडा! १८४८ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती वास्तू. ती मोडकळीला येईपर्यंत वाद न्यायालयात चालला आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती पाडली गेली. पेशव्यांची जळकी जोती शंभर वर्षे संरक्षित राहतात आणि शाळेच्या भिंती राहत नाहीत, ही तुलना मी मुद्दाम करतो. तिथे स्मारक करायचे ठरले आहे. त्याचा तळमजला रस्त्याला उघडा असावा, तिथे फुकट वाचनालय असावे. बुधवार पेठेत धुणीभांडी करणाऱ्या बाईची मुलगी भर दुपारी तिथे पुस्तक उघडून बसली पाहिजे, आणि तिला कोणी ‘तू इथे कशाला?’ म्हणता कामा नये. पुतळ्यासाठी जागा नंतर शोधता येईल.