हिवतापाच्या उपचारग्रंथांतील एक पाठभेद

एखाद्या पोथीच्या दोन प्रती समोरासमोर ठेवून ताडून पाहणें हा आमच्या वाचकांचा नित्याचा व्यवसाय आहे. तीच रीत आम्हीं ह्या खेपेस एका अगदीं अर्वाचीन ग्रंथास लावून पाहिली. जागतिक आरोग्य संघटनेनें हिवतापाच्या उपचारासंबंधीं जो मार्गदर्शक ग्रंथ सिद्ध केला, त्याची पहिली आवृत्ति २००६ सालीं, दुसरी २०१० सालीं व तिसरी २०१५ सालीं निघाली. पैकीं पहिल्या दोहोंच्या निदानविषयक कलमांत एक पाठभेद आहे. तो दिसावयास लहान असला तरी आफ्रिकेंतील असंख्य मुलांचें औषधपाणी त्यावर अवलंबून होतें.

२००६ च्या पाठाचा आशय असा: संशयित रोग्याचें रक्त तपासून मग औषध द्यावें, मात्र जेथें हिवतापाचा प्रसार कायमचा व जोराचा आहे, तेथील पांच वर्षांखालील मुलांस केवळ लक्षणांवरून हिवताप समजून उपचार करावा. २०१० च्या पाठांत हा अपवाद गळाला. वय कोणतेंही असो, रक्तांत जंतु आहे हें आधीं ठरवावें. तपासणीची सोयच नसेल तेथें मात्र संशयावर औषध द्यावें, असें नवें कलम सांगतें.

पहिला पाठ अविचाराचा होता असें आम्ही म्हणत नाहीं. फाल्सिपॅरम जातीच्या जंतूनें ग्रासलेलें मूल एक-दोन दिवसांत दगावूं शकतें, आणि सूक्ष्मदर्शक व तो वापरणारा जाणकार खेडोपाडीं मिळत नव्हता. तेव्हां कांहीं मुलांस औषध विनाकारण गेलें तरी चालेल, पण एकहि उपचारावांचून राहूं नये, अशी ती तडजोड होती. परंतु ताप आपलें कारण सांगत नाहीं. फुप्फुसदाहाचा तापहि तसाच चढतो. त्या मुलास हिवतापाचें औषध देऊन घरीं धाडलें म्हणजे खरा रोग आंत वाढत राहतो.

आमच्याकडील माधवनिदानांत विषमज्वराचे अन्येद्युष्क, तृतीयक, चतुर्थक इत्यादि भेद तापाच्या पाळीवरून केले आहेत. हें निरीक्षण सूक्ष्म आहे; तथापि त्यावरून प्राचीनांस हिवतापाचा जंतु ठाऊक होता असें अनुमान काढणें आम्हांस मान्य नाहीं. तृतीयकाची पाळी व्हायव्हॅक्स व फाल्सिपॅरम ह्या दोन्ही जंतूंची असूं शकते, आणि दोहोंचा धोका सारखा नाहीं. पाळी मोजून जें कळत नाहीं तें रक्ताच्या थेंबांतच पाहावें लागतें. लाव्हरान ह्या फ्रेंच वैद्यानें तो जंतु १८८० सालीं अल्जीरियांत प्रथम पाहिला. सर्व वयांच्या रोग्यांस रक्त तपासूनच औषध द्यावें हें कलम ह्या ग्रंथांत आलें तें १३० वर्षांनीं. बोटाच्या रक्ताच्या एका थेंबावरून पाव तासांत उत्तर देणारी चाचणीपट्टी मिळूं लागली, म्हणूनच तें शक्य झालें.

आमचा मुख्य आक्षेप पुढेंच आहे. ग्रंथ सुधारला, पण पैसा जुन्याच पाठाप्रमाणें वाहिला. २०१० सालींच ग्लोबल फंडाच्या आश्रयाखालीं घाना, केनिया, नायजेरिया, युगांडा इत्यादि देशांत आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त औषध स्वस्त करून खाजगी दुकानांपर्यंत पोंचविण्याची योजना सुरू झाली. तिचा हेतु चांगला होता. आर्टेमिसिनिन एकटें दिल्यास जंतु त्यास निर्ढावतो. म्हणून संयुक्त औषध गरिबाच्या आवांक्यांत येणें अवश्य होतें, आणि बहुतेक ठिकाणीं तें आलेंहि. परंतु सवलत औषधास होती, चाचणीस नव्हती. लेखणी एका संस्थेची, थैली दुसरीची. एकीनें आधीं तपासा म्हणून लिहिलें, दुसरीनें न तपासतां घेतां येईल असें औषध स्वस्त केलें. २०१२ च्या अखेरीस ही योजना स्वतंत्र न ठेवतां नेहमींच्या अनुदानांत मिळवून घेण्याचें ठरलें.

ग्रंथाच्या बाजूचेंहि एक उदाहरण नोंदविलें पाहिजे. बांगलादेश, भारत, इंडोनेशिया व म्यानमार येथील १,४६१ अत्यवस्थ रोग्यांत आर्टेसुनेट घेणारे शेंकडा १५ व कोयनेल घेणारे शेंकडा २२ दगावले, हें २००५ सालीं प्रसिद्ध झालें. त्यावरून पहिल्या आवृत्तीनें प्रौढांपुरता कौल दिला. आफ्रिकेंतील मुलांविषयीं पुरावा अपुरा म्हणून हात राखला. पुढें २०१० सालीं तेथील ५,४२५ मुलांचा पुरावा आला व मृत्यूचें प्रमाण शेंकडा ८·५ विरुद्ध १०·९ भरलें. तेव्हां २०११ सालीं मुलांकरितांहि कोयनेल मागें पडलें. पुरावा जेवढा तेवढेंच विधान, ही शिस्त आमच्या क्षेत्रांतील पुष्कळांनीं उचलण्यासारखी आहे.

नवा पाठहि अखेरचा समजूं नये. फाल्सिपॅरमकरितां सर्वांत प्रचारांत असलेली चाचणीपट्टी जंतूच्या एका प्रथिनावरून त्यास ओळखते. तें प्रथिन घडविणारें जनुकच नसलेले जंतु पेरू देशांत आढळल्याचें २०१० सालीं प्रसिद्ध झालें. एरिट्रियांत तर त्यांच्यामुळें २०१६ सालीं चाचणीच बदलावी लागली. एकाच खुणेवरून प्रतीचा काळ ठरविणारा जसा फसतो, तशीच ही पट्टीहि फसते. म्हणून सूक्ष्मदर्शकाची विद्या मोडीत काढूं नये.

सारांश, चाचणीचा व औषधाचा खर्च एकाच हातानें झाला पाहिजे; नाहीं तर कलमांतील दुरुस्ती कागदावरच राहील. २०२१ पासून ह्या सूचना एकत्र करून संगणकावर ठेवल्या जातात व पुराव्याबरोबर बदलतात. छापील प्रत मात्र आपोआप बदलत नाहीं. जुनी आवृत्ति संग्राहकाच्या कपाटांत शोभते; दवाखान्याच्या मेजावर तिचें राहणें एखाद्या मुलाच्या जिवावर बेतूं शकतें.