असेंब्ली भाषेचा नवशिका विद्यार्थी आणि गणकयंत्राची बेरीज : गावकर यांच्या ग्रंथाच्या निमित्ताने

प्रस्तावना :
परभणी जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागातील विज्ञानाचा विद्यार्थी असेंब्ली भाषेला प्रथम सामोरा जातो, तो बहुधा ८०८५ या मायक्रोप्रोसेसरच्या किटवर. त्यासाठी रमेश गावकर यांचा १९८४ साली प्रथम प्रकाशित झालेला इंग्रजी ग्रंथ भारतभर वापरला जातो. नवशिक्याच्या दृष्टीने या ग्रंथाच्या विषयक्रमाची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ग्रंथाचे सामर्थ्य :
यंत्ररचना आणि आज्ञावली यांची फारकत न करणे, हे या ग्रंथाचे मोठे वैशिष्ट्य होय. आज्ञा दिल्यावर रजिस्टरमध्ये व ध्वजांमध्ये काय बदलते, हे लेखक सातत्याने दाखवितो.

मर्यादा :
तथापि दशमान बेरीज या ग्रंथात थेट दहाव्या प्रकरणात, कोड-रूपांतराच्या सोबतीने येते. वस्तुतः मानवत वा सेलूच्या आडत दुकानात कापसाच्या वजनांची बेरीज करणारे गणकयंत्र विद्यार्थ्याने लहानपणापासून पाहिलेले असते. इतिहासही हेच सुचवितो. १९७१ चा इंटेल ४००४ हा जपानच्या बिझिकॉम कंपनीच्या गणकयंत्रासाठीच घडला आणि दशमान दुरुस्तीची ‘डीएए’ ही आज्ञा त्यात होती. त्याच नावाची आज्ञा ८०८५ मध्येही आहे.

किटवर ३८ व ४५ यांची बेरीज केली असता ‘७डी’ असे उत्तर दिसते. विद्यार्थी गोंधळतो, शिकण्याचा खरा क्षण हाच. ‘डी’ म्हणजे तेरा, अर्थात नऊपेक्षा मोठा. डीएए आज्ञा त्यात सहा मिळविते आणि ८३ हे उत्तर येते. सहाच का? कारण चार बिटांचा गट सोळाला उलटतो, आपली गणना दहाला. ८ व ९ यांच्या बेरजेत मात्र ‘११’ दिसते. यात नऊपेक्षा मोठा अंक नाही, तरी उत्तर चूक. येथे ‘ऑक्झिलरी कॅरी’ हा ध्वज, म्हणजे प्राथमिक शाळेतला ‘हातचा’, कामी येतो. त्याच्या आधारे सहा मिळवून यंत्र १७ देते.

हा अनुभव उशिरा आला, तर प्रात्यक्षिक म्हणजे तक्त्यातील संकेतांक किटवर उतरविणे एवढेच उरते. उत्तर जुळते, वहीवर सही होते. विचार मात्र घडत नाही.

निष्कर्ष :
ध्वजांचा परिचय आधी हवा, हा आक्षेप रास्त आहे. परंतु वरील उदाहरणास एक अॅक्युम्युलेटर, दोन ध्वज आणि तीन आज्ञा पुरतात. यंत्रनियंत्रणाकडे वळणाऱ्या अभियंत्यास ग्रंथाचा क्रम सोयीचा असेलही. पण नवशिक्यासाठी अध्यापकाने दहाव्या प्रकरणातील हा भाग पहिल्याच प्रात्यक्षिकात आणावा. त्यासाठी नवे किट नको, नवा अभ्यासक्रम नको; केवळ चुकीच्या दिसणाऱ्या उत्तरापाशी थोडे थांबण्याची तयारी हवी.