बोलकी पोथी

ग्रंथपरीक्षण करायचे तर हाताशी निदान ग्रंथ हवा. मी ज्याचे परीक्षण करणार आहे त्याला ना बांधणी, ना पाने. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली ‘स्पोकन ट्युटोरियल’ ही पाठमाला म्हणजे ऐकायची आणि पाहायची पोथी आहे. लिनक्स, लिबरऑफिस, पायथन ही संगणकाची अवजारे कोणालाही फुकट घेता येतात, उघडून पाहता येतात, हवी तशी बदलताही येतात. ती चालवावीत कशी, हे ही पोथी मराठीतून सांगते. आमचे कारंजा (घाडगे) नागपूर-अमरावती रस्त्यावरचे, संत्र्यांच्या मुलखातले. येथे फुकटचे अवजार मिळवणे सोपे; ते समजावून देणारा माणूस मिळणे कठीण. म्हणूनच ह्या पोथीची वाङ्मय म्हणून कसून तपासणी व्हावी असे मला वाटते.

रचना विचारपूर्वक केलेली आहे. एक पाठ साधारण दहा मिनिटांचा. पडद्याच्या अर्ध्या भागात पाठ चालू ठेवावा, उरलेल्या अर्ध्यात तेच स्वतः करून पाहावे, अडले की पाठ थांबवावा. जवळ शिक्षक नाही हे गृहीतच धरले आहे. पडद्यावरची अक्षरे इंग्रजीच ठेवून आवाज तेवढा मराठी केला, हेही मला पटते. उद्या नोकरीच्या जागी संगणक काही मराठी बोलणार नाही.

भाषेबद्दल मात्र तक्रार आहे. मूळ संहिता इंग्रजी, तिचे मराठी रूपांतर, आणि वर मूळ चित्राच्या वेळेत आवाज बसवायचा! साहजिकच वाक्ये आखडतात, आणि ‘हे टाइप करा, ते दाबा’ अशा आज्ञांची रांग लागते. आमच्या वऱ्हाडी मुलाला पडलेला प्रश्न वेगळाच असतो: ‘पण हा संगणक आता करून काय राह्यला?’

चकली तेलात विरघळली तर मोहन जास्त झाले, हे सांगणारी आजीच खरी शिकवते. नुसती कृती सांगणारी नव्हे. ह्या कसोटीला सी भाषेचे पाठ उत्तम उतरतात. तेथे सांगणारा एखादा अर्धविराम किंवा कंस मुद्दाम गाळतो, संगणक काय कुरकुर करतो ते दाखवतो, आणि मग दुरुस्त करतो. माझ्या मते साऱ्या मालेतला हाच सर्वांत मोलाचा भाग.

पायथनचे जुने पाठ येथेच फसतात. ते पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीवर बेतलेले. तीत ‘प्रिंट’ ह्या आज्ञेपुढे कंस लागत नसे. २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत तो आवश्यक झाला, आणि १ जानेवारी २०२० पासून दुसरीची देखभालही थांबली. आज्ञाधारक मुलगा सांगितले तसेच टाइप करतो, आणि त्याच्या नव्या संगणकावर चूक निघते. ती आपलीच, असे समजून तो पायथन सोडून देतो! पुढे ३.४.३ ह्या आवृत्तीसाठी निराळी माला झाली खरी, पण ३.४ चीही देखभाल २०१९ मध्ये संपली.

नवे ध्वनिमुद्रण खर्चाचे आणि वेळेचे काम, हे मला मान्य आहे. परंतु संहिता मिनिटा-सेकंदांच्या कोष्टकात लिहून वाचायला ठेवलेल्या आहेत, आणि श्रेय देऊन, त्याच अटींवर त्या सुधारून पुन्हा वाटण्याची मोकळीकही आहे. प्रत्येक जुन्या पाठाच्या माथ्यावर, आज कोठे अडेल हे सांगणारी दोन ओळींची मराठी टीप घालायला नवे मुद्रण कशाला हवे?